शिडी पोचेल तेवढंच

शिडीमास्तर आणि शिवणबाई दुपारी बाराच्या गाडीनं त्या शहरात उतरले, आणि पुढची गाडी होती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची. मधली एक रात्र कुठेतरी काढायची. आता एका रात्रीसाठी माणसाला लागतं तरी काय? पाठ टेकायला पलंग, डोक्याखाली उशी आणि नळाला पाणी. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की दहा हॉटेलं ओळीनं उभी असतात, पहिल्यात शिरावं आणि मोकळं व्हावं. पण हे झालं तुमचं-आमचं. शिडीमास्तरांबरोबर हॉटेल शोधायचं म्हणजे लेकीला स्थळ शोधण्यापेक्षा कठीण काम. लेकीचं निदान एका वर्षात जमलं होतं.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. चौतीस वर्षं अग्निशमन दलात इमारती तपासायचं काम केलं त्यांनी. कोणाच्याही घरी गेले की दारात उभं राहून आधी मान वर करायचे आणि विचारायचे, "इथे शिडी कुठून लागेल?" मग चहा. दलातल्या पोरांनी थट्टेनं ठेवलेलं नाव असं चिकटलं की पत्रंसुद्धा त्याच नावानं यायला लागली. शिवणबाई मात्र खरोखरच्या बाई. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिवण शिकवलेल्या, आणि अजूनही पर्समध्ये मोजपट्टीची पिवळी टेप, टाचण्यांची डबी आणि खडू घेऊन हिंडणाऱ्या.

या दोघांचा संसार छत्तीस वर्षं तळमजल्यावर झाला. पहिलं घर तळमजल्यावर, दुसरं तळमजल्यावर. आता सगळा गाशा गुंडाळून लेकीकडे कायमचं राहायला निघाले होते, तर लेकीचं घरही तळमजल्यावरच. ते मास्तरांनी स्वतः जाऊन पास केलं होतं. बाईंनी कधी विचारलंच, की अहो, तळमजलाच का, तर उत्तर ठरलेलं: "गुडघे." पहिल्यांदा विचारलं तेव्हा मास्तर पंचवीस वर्षांचे होते आणि पंचवीस वर्षांच्या माणसाचे गुडघे कसले दुखतात! पण नव्या नवरीनं किती वाद घालायचा, म्हणून बाई गप्प बसल्या, आणि मग तशीच सवय झाली. छत्तीस वर्षं खिडकीतून त्यांना काय दिसलं असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला आणि शेजाऱ्याची सायकल.

बाईंच्या मनात एकच होतं. एकदा, एकदाच, कुठेतरी उंचावर झोपायचं, सकाळी उठून खिडकीशी उभं राहायचं आणि सगळं वरून बघायचं. लेकीच्या घरात शिरलं की संपलं, पुन्हा चपला आणि सायकली. म्हणजे ही मधली एक रात्र हातची गेली की गेलीच. आणि दुपारी गाडी पुलावरून शहरात शिरताना बाईंनी ते हॉटेल पाहिलं होतं. उंच, पांढरं, वरच्या खिडक्यांवर ऊन पडलेलं. काळजात कसं लख्ख झालं त्यांच्या. पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मास्तरांना एखादी गोष्ट आवडली म्हणून सांगणं म्हणजे तिच्या पायावर धोंडा पाडणं, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

पहिल्या हॉटेलात मास्तरांनी मागचा दरवाजा कुठे म्हणून विचारलं. "आहे ना," काउंटरवरचा माणूस म्हणाला, "त्या गाद्यांच्या मागे." गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. नापास. दुसऱ्या हॉटेलात मागचा दरवाजा मोकळा होता, पण कुलूप होतं, किल्ली मालकांकडे होती आणि मालक परगावी होते. नापास. तिसऱ्या हॉटेलात दरवाजाही उघडा, किल्लीही जागेवर. बाईंनी बॅग खाली ठेवली, पायातली चप्पलसुद्धा सैल केली. तेवढ्यात मास्तरांनी आग विझवायच्या लाल नळकांड्यावरची तारीख वाचली.

"हे नळकांडं आपल्या जावयापेक्षा मोठं आहे," ते म्हणाले, आणि खिशातून डायरी काढून शेरा लिहिला. ही डायरीही खात्याचीच. निवृत्त होताना हेल्मेट परत केलं, शिट्टी परत केली, पोलादी टेप परत केली, पण न वापरलेल्या अकरा डायऱ्या कुणी मागितल्या नाहीत म्हणून घरी आल्या. तेव्हापासून मास्तर मोजमापाला बाईंची पिवळी टेप वापरायचे. नवी विकत घ्यायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा.

रस्त्यावर आल्यावर बाईंनी डाव टाकला. त्या उंच हॉटेलासमोरून जाताना नाक मुरडून म्हणाल्या, "हे तर मेलं बघायलाच नको. चौदा मजले! इथे कोण जातं मरायला?"

मास्तर थांबले. "न बघता नापास?"

"बघायचंय काय त्यात? दिसतंय की."

"अगं, चौतीस वर्षांत मी एक इमारत न बघता नापास केलेली नाही. तत्त्व म्हणून काही आहे की नाही?" आणि मास्तर तावातावानं आत शिरले. बाई मागून हळूच हसल्या. नवऱ्याला चालवणं शिवणयंत्रासारखंच आहे, पाय नेमका कुठे द्यायचा ते कळलं पाहिजे.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की आज एकच खोली शिल्लक आहे, चौदाव्या मजल्यावर. वर म्हणाली, "काळजी करू नका काका, तीन लिफ्ट आहेत."

"आग लागली की लिफ्ट म्हणजे चूल," मास्तर म्हणाले. "जिना दाखवा. मागचा."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं फोन करून हॉटेलच्या मिस्त्रीला बोलावलं. कानावर पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पन्नाशीचा माणूस. "मागचा जिना बघायचाय?" त्यानं दोनदा विचारलं. एकोणीस वर्षं तो इथे नोकरीला होता, पण पाहुण्यानं जिना बघायला मागितल्याचं त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. त्याचा चेहरा असा खुलला, की जणू कोणी त्याच्या पोराला बघायला आलंय.

मास्तरांचा नियम असा, की जिना चढूनच बघायचा, पायऱ्या मोजत. धुरात डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा मोजलेला आकडा उपयोगी पडतो. "मी येतो चढून. तू हवं तर लिफ्टनं जा," ते बाईंना म्हणाले. तपासणीच्या वेळी घरच्यांना एवढी सूट असायची.

बाई मिस्त्रीबरोबर लिफ्टनं वर गेल्या. त्यानं खोली उघडली, पडदा सारला, आणि बाईंच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच बाहेर पडलं. खाली सगळं शहर पसरलं होतं. गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी, पाण्याच्या टाक्या, एका गच्चीवर बसून केस विंचरणारी बाई, आणि लांब नदी, ज्या पुलावरून त्या दुपारी आल्या तो पूल, आणि त्यावरून जाणारी कुठलीशी गाडी. कुणाची सायकल नाही, कुणाच्या चपला नाहीत. बाईंनी काचेला हात लावला. इथे आज मी झोपणार, त्या मनाशी म्हणाल्या, जगाची उलथापालथ झाली तरी चालेल.

तेवढ्यात जिन्याकडून धापा ऐकू आल्या. "तीनशे... आठ," मास्तर दाराला टेकून म्हणाले. मग दम खाऊन एकेक गोष्ट तपासली. जिन्यात दिवे, चालू. कठडा, घट्ट. दाराच्या बिजागऱ्या, तेल पाजलेल्या. लाल नळकांडं, ताज्या तारखेचं. मिस्त्री प्रत्येक वेळी मान डोलवत होता आणि बाईंचा जीव वरखाली होत होता. शेवटी उरलं जिन्याचं दार. रुंदी पाहिजे एकशेवीस सेंटिमीटर, एक सूत कमी चालायचं नाही. मास्तरांनी हात पुढे केला, बाईंनी पर्समधून पिवळी टेप काढून दिली.

"एकशे साडेअठरा," मास्तर म्हणाले. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे साडेअठरा. "नापास. चल."

"साहेब, एकशेवीसच आहे," मिस्त्री कळवळून म्हणाला आणि खिशातून स्वतःची पोलादी टेप काढली.

"हॉटेलची टेप हॉटेलचीच बाजू घेणार," मास्तर म्हणाले आणि बॅगा उचलायला वळले.

आता इथे बाईंची खरी पंचाईत झाली. कारण ती टेप का कमी दाखवते हे त्या जागी फक्त त्यांनाच माहीत होतं. कापडी टेप वापरून वापरून ताणते. तिच्यावरचे आकडे एकमेकांपासून लांब जातात आणि ती सगळंच थोडं कमी मोजते. शिवणाला त्यानं काही बिघडत नाही, कारण ज्या टेपनं अंग मोजायचं त्याच टेपनं कापड मोजायचं. खोटं खोट्याला मिळतं आणि फ्रॉक नेमका बसतो. म्हणून बाईंनी वीस वर्षांची ती टेप कधी बदललीच नाही.

आणि खरी मेख पुढेच होती. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाचा हॉल मास्तरांनी याच टेपनं नापास केला होता. दार दोन बोटं कमी म्हणे! मांडव शाळेच्या मैदानावर घातला, वारं सुटलं, अर्धा मांडव नवरदेवाच्या आत्याच्या अंगावर आला. धाकट्या भावानं त्या दिवसापासून मास्तरांशी बोलणं टाकलं. त्याच संध्याकाळी बाईंनी घरी येऊन शाळेच्या नव्या टेपशी आपली टेप लावून बघितली होती. आणि मूग गिळून गप्प बसल्या होत्या. सांगावं तर दोन भावांच्या भांडणाचं खापर आपल्या डोक्यावर फुटणार. आणि आज न सांगावं तर खिडकी गेली.

बाईंनी एकदा खोलीकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे. "अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "टेप खोटी आहे."

मास्तर वळले. बाईंनी डोळे मिटून एका दमात सगळं सांगितलं. टेप, हॉल, मांडव, आत्या, सगळं. मिस्त्री बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या जिन्यात होणार म्हटल्यावर माणसानं करायचं तरी काय?

मास्तरांनी खिशातून डायरी काढली. बाईंना वाटलं, आता माझ्यावरच शेरा पडणार. पण मास्तर खाली वाकले आणि डायरी लांबीनं आडवी धरून दाराच्या एका कडेला लावली. खात्याची डायरी वीस सेंटिमीटरची, मिलिमीटरचाही फरक नाही. एक, दोन, तीन. पेन्सिलीची खूण करत करत ते दाराच्या दुसऱ्या कडेला पोचले. सहाव्यांदा डायरी चौकटीला नेमकी टेकली.

"एकशेवीस," मास्तर पुटपुटले. ते तिथेच पायरीवर बसले. "तरी नको," ते म्हणाले.

"आता काय राहिलं?" बाई कडाडल्या. "दार पास, जिना पास, नळकांडं पास! आता का नको ते एकदा सांगा. आणि गुडघे म्हणालात तर बघा. तीनशे आठ पायऱ्या चढून आलात आत्ता!"

मास्तरांनी डायरी खिशात ठेवली. मग म्हणाले, "नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आपलं लग्न ठरलेलं. तेव्हा मी शिडीवर होतो, तपासणीत नव्हतो. एका इमारतीला आग लागली. आमची शिडी सातव्यापर्यंत पोचायची. आठव्याच्या खिडकीत एक बाई उभी होती. मी शिडीच्या टोकावर हात वर करून उभा, ती हात खाली करून उभी. मधे एक मजला. मागच्या जिन्यात सामान भरलेलं होतं, ते उपसून आमची माणसं तिच्यापर्यंत पोचायला सतरा मिनिटं लागली. वाचली ती. काही झालं नाही तिला. पण सतरा मिनिटं ती माझ्याकडे बघत होती गं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला, मला तपासणीत टाका. आणि ठरवलं, आपलं माणूस शिडी पोचेल तेवढंच वर ठेवायचं. मग म्हटलं, शिडीचा तरी भरवसा कशाला? तळमजलाच बरा."

बाईंना रागही आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. "छत्तीस वर्षं मला गुडघे सांगितलेत!"

"तू घाबरली असतीस."

"मी? तुम्हीच घाबरून बसलात छत्तीस वर्षं!" बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. खिडकीची हौस होती, पण ती काही या माणसापेक्षा मोठी नव्हती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "चला, तळमजल्यावरचं एखादं शोधू. मी बघितलं वरून. मिळालं मला."

मास्तरांनी मान वर केली आणि मिस्त्रीला विचारलं, अगदी पूर्वीच्या तपासणीच्या आवाजात, "या शहरातली शिडी कितीपर्यंत पोचते?"

मिस्त्री भिंतीपासून वळला. खोटं बोलावं की खरं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "चौदापर्यंत नाही पोचत, साहेब," तो म्हणाला. "म्हणून तर मी जिना सांभाळतो. रोज सकाळी खालून वर येतो, कोणी साधी बादली ठेवली तरी उचलून टाकतो. मॅनेजरशी भांडणं होतात माझी. म्हणतात, जिन्यानं जातं कोण?"

मास्तर उठले. त्यांनी मिस्त्रीचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो जिने पाहिले होते, पण आपल्यासारखा वेडा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता. "बॅगा आत ठेव," ते बाईंना म्हणाले.

मग संध्याकाळी तालीम झाली. दोघांच्या चपला दाराशी, टोकं बाहेर. ओला टॉवेल दारापाशी. बॅटरी उशीखाली. डोळे मिटून पलंगापासून दारापर्यंत पावलं किती, तर सात. बाईंनी सगळं निमूटपणे केलं. नंतर मास्तरांनी फोन लावला. बाई कान टवकारून बसल्या.

"मी बोलतोय. तुझा भाऊ. तो हॉल पास होता... कुठला म्हणजे? तुझ्या मुलीच्या लग्नाचा. टेप खोटी निघाली... कुणाची काय? माझीच."

फोनमधून असा काही आवाज आला की मास्तरांनी तो कानापासून वीतभर लांब धरला.

"काय म्हणतायत भाऊजी?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"शिव्या घालतोय," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "दोन वर्षांनी बोलला गं तो."

बाईंनी पर्समधून पिवळी टेप काढली आणि कचऱ्याच्या टोपलीकडे निघाल्या. मास्तरांनी ती त्यांच्या हातातून घेतली, नीट गुंडाळली आणि परत पर्समध्ये घातली. "टाकू नकोस. माणसं मोजायला राहू दे. दारं मोजायला नवी घेऊ."

मास्तर खिडकीजवळ मात्र येईनात. बाईंनी शेवटी दंडाला धरून ओढून आणलं. खाली रस्त्यावर दिवे लागत होते. मास्तर सरळ खाली बघत राहिले, जिथे शिडीची गाडी उभी राहील नेमकं तिथे. "तिला मी एवढासाच दिसलो असेन," ते म्हणाले. बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला.

"खाली नका बघू. समोर बघा. नदी आहे ती."

मास्तरांनी समोर पाहिलं. पाच मिनिटं पाहिलं. मग बोट दाखवून म्हणाले, "ती तिसरी इमारत आहे ना, तिला मागे जिनाच दिसत नाही."

बाईंनी त्यांच्या बोटावर चापट मारली.

सकाळी बाई सहाला उठून खिडकीशी उभ्या राहिल्या आणि नदी पांढरी होईपर्यंत हलल्या नाहीत. मास्तर घोरत होते. निघताना लिफ्टपाशी मास्तर थांबले आणि बाईंकडे बघायला लागले, पण बाई सरळ जिन्याकडे वळल्या. बॅगा मिस्त्रीनं घेतल्या. दोघं कठडा धरून, एकमेकांवर डाफरत, पायऱ्या मोजत खाली उतरले.

"तीनशे आठ," दोघं एकदम म्हणाले.

खाली आल्यावर मास्तरांनी डायरी उघडली. रकाने ओळीनं भरलेले होते: जिना, दार, कठडा, नळकांडं. शेवटचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. पेन हातात धरून त्यांनी बाईंना विचारलं, "शेरा काय लिहू?"

"लिहा, छत्तीस वर्षं उशीर."

मास्तरांनी खाली वाकून सरकारी अक्षरात लिहिलं: छत्तीस वर्षे उशीर. पास. त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि डायरी बाईंपुढे धरली. "इथे," ते म्हणाले. "साक्षीदाराची सही लागते."

बाईंनी सही केली.